कळवावे

"मॅडम, याला मार्क किती?"

माझ्या संशोधनाला मिळालेला हा पहिला प्रतिसाद. ऑगस्ट २०२२, रविवारची सकाळ, बाहेर झिमझिम, वर्गात सत्रं सुरू व्हायच्या आधी मुद्दाम बोलावलेले सतरा जण. बत्तीस विधानांची प्रश्नावली वाटून मी 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशा पाच पायऱ्या फळ्यावर समजावून सांगत होते. मागच्या बाकावरच्या पन्नाशीच्या मामांनी हात वर करून ही शंका काढली. मामा ग्रामपंचायतीत शिपाई. मार्क नाहीत म्हटल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद तसाच घडी करून खिशात घातला.

संध्याकाळी उरलेले सोळा कागद तपासायला घेतले. 'अध्ययन साहित्य समजण्यास सोपे आहे' याला सोळाच्या सोळा पूर्णतः सहमत. कोण डोळे झाकून खुणा करतंय ते पकडायला मी पुढं मुद्दाम एक उलटं विधान घातलं होतं : 'अध्ययन साहित्य समजण्यास कठीण आहे.' त्यालाही चौदा जण पूर्णतः सहमत. मॅडमनी एवढं छापून आणलंय, त्याला नाही कसं म्हणायचं! पंगतीत वाढपी आग्रह करायला लागला की आपण ताटावर हात धरतो तो वरवरचाच. इथं तर तेवढाही कुणी धरला नव्हता.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. रविवारी त्याच इमारतीत मुक्त शिक्षणाचं अभ्यासकेंद्र भरतं, तिथं बी.ए.च्या मुलांची समंत्रक, म्हणजे मार्गदर्शन करणारी आणि वह्या तपासणारी शिक्षिका. मुलं म्हणायचं आपलं सवयीनं. बाकावर अंगणवाडीताई असतात, होमगार्ड असतात, दहावीनंतर लग्न होऊन, पदवीला बसण्याआधीचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून आलेल्या सुना असतात. त्या वर्षी मी स्वतः एम.एड. करत होते आणि लघुशोधप्रबंधाला विषय हवा होता. 'दूरशिक्षणातील अध्यापन व विद्यार्थी-अनुभव यांच्या सुधारणेसाठी उपाययोजना : एक कृतिसंशोधन' असं भारदस्त नाव दिलं. मार्गदर्शक सरांनी लगेच मान्य केलं, यावरूनच मला शंका यायला हवी होती.

सोळा कागद घेऊन सरांकडे गेले. ते पोट धरून हसले आणि मग एकच वाक्य बोलले, "जे येतात त्यांना विचारलंत. जे येत नाहीत त्यांना कोण विचारणार?" हजेरीपटावर चौसष्ट नावं होती.

दरम्यान दुसरं प्रकरण लिहून ठेवावं म्हणून वाचन चालू होतं. 'संबंधित साहित्याचा आढावा' हे प्रकरण आपल्याकडं बहुतेक जण लिहितात ते पानं भरण्यासाठी, मीही त्याच वाटेनं निघाले. दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ चं. आपल्या देशातलं पहिलं हैदराबादला १९८२ मध्ये, इग्नू हे केंद्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये, नाशिकचं १९८९ मध्ये. दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांचं म्हणणं मला आवडलं : दूरशिक्षणातलं दूर म्हणजे किलोमीटर नव्हेत. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात बोलणं किती होतं आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे, यावर ते अंतर ठरतं. स्वीडनचे बोऱ्ये होल्मबर्ग सांगतात की पुस्तक असं लिहावं की विद्यार्थ्याला कुणी आपल्याशी बोलतंय असं वाटावं. आणखी एक नॉर्वेचे रेकेडाल. पत्रानं शिकवणाऱ्या एका संस्थेत त्यांनी तपासलेला गृहपाठ विद्यार्थ्याकडं परत जायला लागणारे दिवस कमी करून पाहिले. ज्यांना तो लवकर परत मिळाला त्यांच्यात अभ्यासक्रम पुरा करणारे जास्त निघाले. ही चार ओळींची माहिती मी वहीत उतरवली आणि पान उलटलं. त्या वेळी त्यात मला काही विशेष दिसलं नाही.

न येणाऱ्यांचे फोन नंबर हवे होते. केंद्राचे जुने अर्ज कार्यालयामागच्या लोखंडी कपाटात. आमच्या शिपाईकाकांनी कडी-कुलपाशी झटापट करून ते उघडलं, तर अर्जांच्या आधी सुतळीनं बांधलेले गठ्ठे अंगावर आले. गृहपाठाच्या वह्या. खाली २०१६, वर २०२१. मधल्या दोन वर्षांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले.

"काका, या वह्या पोरांना देत नाहीत?"

"कोण मागतंय? गुण वर कळवले की इथं. चार-पाच वर्षं झाली की रद्दी."

वही परत देऊ नका असा काही नियम नव्हता. कुणी देत नव्हतं, एवढंच. मीही त्यातलीच. मागच्या वर्षीच्या गठ्ठ्याची सुतळी सोडली, समाजशास्त्राच्या वह्या वेगळ्या काढल्या आणि तिथंच खुर्चीवर बसून चाळायला लागले. प्रत्येक उत्तराखाली लाल पेनची बरोबरची खूण, शेवटी गुण, खाली माझी सही. सही इतकी पळती की एका वहीनंतर दुसरी किती सेकंदांत हातात घेतली असेल ते तिच्यावरून कळावं.

एका वहीत 'स्थलांतराचे प्रकार व कारणे' या प्रश्नाचं उत्तर होतं. अक्षर गोल, ओळ सरळ, पुस्तकातले मुद्दे क्रमानं. उत्तर संपल्यावर एक ओळ सोडून लिहिलं होतं :

'मॅडम, पुस्तकात ऊसतोडीला हंगामी स्थलांतर म्हटले आहे. आम्ही सहा महिने तिकडे व सहा महिने इकडे असतो. तर आमचे मूळ ठिकाण कोणते धरावे? कळवावे.'

'कळवावे'वरून माझी बरोबरची खूण गेलेली. शेजारी दहापैकी सात. आणि सही.

गेली सात वर्षं मी वर्गात सांगत आले होते की समाजशास्त्र म्हणजे प्रश्न विचारणं. विचारला होता की हिनं. रेकेडालच्या त्या चार ओळी मला त्या कपाटासमोर समजल्या. माझ्या बाबतीत दिवस कमी करायचा प्रश्नच नव्हता. वही परत जायला लागणारा काळ अनंत होता.

मग फोन. आठवडाभर रोज रात्री आठ ते साडेनऊ. यादीतले कितीतरी नंबर बंद, काही दुसऱ्याच्याच नावावर. उचलला तरी निम्म्यांचा पहिला सूर 'फी राहिली का?' असाच. बायकांचे फोन नवऱ्याकडं किंवा दिराकडं, "कोण मॅडम? कसली मॅडम?" इथून सुरुवात. माझी कल्पना होती की सगळे इंटरनेटचं रडगाणं गातील, कारण कोरोनानंतर दूरशिक्षणावरच्या प्रत्येक चर्चेत तेच ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते कुणी आपणहून काढलं नाही. मी विचारल्यावर म्हणायचे, "हां, त्येबी हाय."

आपणहून काय सांगितलं? एक, ही पदवी चालते का, हा प्रश्न. (योगायोगानं त्याच सप्टेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणानं घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. ते मी पुढच्या प्रत्येक फोनवर सांगत राहिले आणि पलीकडचा आवाज सैल होताना ऐकत राहिले.) दुसरं, "गृहपाठ दिला, पुढं काय झालं ते कळालंच न्हाई. वाटलं, नापासच झालो असन." पुस्तक अवघड म्हणून सोडलं असं सांगणारे फार थोडे. आपलं कुणाला काही पडलेलं नाही अशी समजूत करून घेऊन सोडलेले जास्त. आणि ती समजूत खोटी होती असं मी कोणत्या तोंडानं सांगणार?

तिसरी गोष्ट इतकी उघडी होती की मी जन्मभर याच जिल्ह्यात राहून ती बघितली नव्हती. आमची संपर्कसत्रं ऑक्टोबरात सुरू होऊन फेब्रुवारीत संपत. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, एक दिवस गेलं नाही तर खाडा, म्हणजे दंड, लागतो. म्हणजे आमच्या पटावरची काही माणसं नेमकी त्याच महिन्यांत सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या फडात असायची, ज्या महिन्यांत आम्ही रिकाम्या बाकांपुढं 'उपस्थिती असमाधानकारक' असा शेरा लिहायचो. वेळापत्रक आमच्या सोयीचं. कारण दिवाळीआधी आम्हालाच बारावीचं शिकवायचं असतं.

उपाय करायला घेतले तेव्हा पहिला फसला, तो सांगितलाच पाहिजे. मी बेडरूममध्ये पडदा लावून चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला. भाच्यानं सुरुवातीला फिरणारं गोल चिन्ह आणि संगीत घालून दिलं. मला स्वतःला फार आवडला होता. आठवड्यानं चौकशी केली तर एकीनं तो पुरता बघितला होता. तीही माझी मावसबहीण.

मग चार-पाच मिनिटांचे आवाजी संदेश. एका संदेशात एकच मुद्दा, शेवटी एकच प्रश्न. हे व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकले, तर गटात पहाटेपासून सुप्रभातची फुलं, आणि दोन दिवसांत तीन बायका गट सोडून गेल्या. फोन घरात एकच. त्यात अनोळखी पुरुषांचे नंबर दिसले की प्रश्न सुरू होतात. गट मोडला आणि ब्रॉडकास्ट यादी केली, म्हणजे संदेश एकच पण ज्याला त्याला वेगळा जाणारा. त्यातही एक मेख निघाली : ज्यानं तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलेला नाही त्याला तो संदेश पोचतच नाही. म्हणून पुन्हा एकेकाला फोन, "माझा नंबर सेव्ह करा, नाव काहीही घाला." एकीनं 'कॉलेज' म्हणून साठवला, एकीनं 'शिलाई मॅडम'. का ते मी विचारलं नाही.

सत्राचा वारही बदलला. आमच्या गावचा बाजार मंगळवारी. त्या दिवशी चारी वाटांनी काळीपिवळी भरून येतात. रविवारी निम्म्या गावांना ना जीप ना एसटी. मंगळवारी तीन ते पाच सत्र ठेवलं तर बाजाराच्या पिशव्या घेऊन बायका वर्गात आल्या, मेथीच्या वासात मी कुटुंबसंस्था शिकवली. पण होमगार्ड आणि अंगणवाडीवाल्यांची गैरसोय झाली, त्यांच्यासाठी रविवारही चालू ठेवावा लागला. म्हणजे माझे दोन दिवस गेले, मानधन एकाच सत्राचं. पहिली सत्रं मात्र जुलै-ऑगस्टला ओढावीत असा प्रस्ताव केंद्रात मांडून पुढच्या वर्षासाठी मंजूर करून घेतला.

आणि वह्या. ठरवलं की वही हातात आल्यापासून सात दिवसांत परत जायची. वर किमान तीन ओळी, त्यात एक तरी प्रश्न. 'छान', 'प्रयत्न करा' हे शब्द स्वतःला बंद केले. त्यानंतर कळलं की आपण किती वेळा तेच लिहितो. पहिल्या पंधरवड्यात एका वहीला पंचवीस मिनिटं लागत होती. आमच्या इतिहासाच्या सरांना म्हटलं, तुम्हीही करा. ते म्हणाले, "मॅडम, एका वहीचे जे पैसे मिळतात त्यात चहाबरोबर बिस्किटसुद्धा येत नाही. तुमचा प्रबंध आहे, तुम्ही लिहा." मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, माझ्या सगळ्या प्रबंधाला पडलेलं भोक त्यांनी एका वाक्यात दाखवलं होतं. मी जे करून दाखवलं ते फुकटच्या रात्रींवर उभं होतं, आणि फुकटच्या रात्रींना योजना म्हणत नाहीत.

फडावर गेलेल्यांच्या वह्या पाठवायच्या कशा? गावाकडून टोळीला पिठाचे डबे, औषधं पोचवणारी गाडी अधूनमधून जाते. दोनदा त्या गाडीबरोबर पाठवल्या. उरलेल्या सहा वह्या घेऊन संक्रांतीला मी स्वतःच निघाले. १५ जानेवारी २०२३, रविवार होता. नवरा म्हणाला, संशोधन आहे की यात्रा? पण गाडी त्यानंच चालवली.

कराडच्या पुढं, नदीकाठच्या रानात पंधरा-वीस कोप्या. पाचट आणि प्लॅस्टिकची शिवण. आम्ही पोचलो तेव्हा टोळी फडातच होती. एक म्हातारी आणि चार लेकरं राखणीला. दिवस मावळताना माणसं आली. बायकांच्या अंगात साडीवरून नवऱ्याचे फुल बाह्यांचे सदरे, डोक्याला आणि तोंडाला घट्ट फडकं, नुसते डोळे दिसणार. त्यातली 'कळवावे'वाली कोणती ते मला ओळखू येईना. कारण मी तिला कधी बघितलंच नव्हतं. तिनं मला आवाजावरून ओळखलं.

"मॅडम, तुमी हितं? कुणी मेलं का काय?"

तिळगूळ दिला. तिनं आधी हात धुतले. पाचटानं कापलेल्या बोटांना पाणी लागलं तशी तिनं श्वास आत ओढला. मग पत्र्याच्या पेटीतून, रेशनकार्ड आणि लेकराच्या लसीच्या कार्डाखालून, पुस्तक काढून दाखवलं. त्याला खाकी कागदाचं वेष्टन होतं. मी तिची जुनी वही दिली, कपाटातली, २०२१ ची. जुन्या सहीखाली आता एक पान भरून लाल अक्षर होतं. तुमचा प्रश्न पुस्तकाच्या पुढचा आहे, असं मी लिहिलं होतं. व्याख्येत एक निघण्याचं ठिकाण आणि एक पोचण्याचं ठिकाण धरलेलं असतं. जिथं माणसं दर वर्षी जातात आणि परत येतात, त्याला अभ्यासक चक्रीय स्थलांतर म्हणतात, आणि तिथं 'मूळ' म्हणजे काय हे ठरवताना त्यांचीही अडचण होते. मतदार यादी, रेशन आणि लेकरांची शाळा कुठं आहे त्यावरून तुम्ही काय म्हणाल?

चुलीच्या उजेडात तिनं ते दोनदा वाचलं. ओळीवरून बोट फिरत होतं. मग वही मिटून म्हणाली, "म्हंजी माझं चुकलं नव्हतं तर."

यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. मी तिला विचारलं की संदेश ऐकता येतात का. म्हणाली, रात्री ट्रॅक्टरची ट्रॉली भरायला बोलावतात, भरून झाली की वर चढते, तिथं रेंज येते. "तुमचा आवाज लावला की बारकं झोपतं बघा." शिकवण्याला मिळालेली ही दाद मी प्रबंधात घातली नाही.

उन्हाळ्यात परीक्षा झाल्या. आधीच्या वर्षीपेक्षा जास्त जण बसले, आणि ज्यांच्या वह्या दोनदा परत गेल्या होत्या त्यांच्यातले जवळजवळ सगळे बसले. पण हे एका केंद्रावरचं, एका वर्षाचं, चौसष्ट माणसांचं. त्यातून वाराचा बदल किती, फोनचा किती, वहीचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तेच धरलं.

"नियंत्रित गट कुठं आहे?" म्हणजे तुलनेसाठी, ज्यांच्यावर यातला एकही उपाय केला नाही अशी माणसं.

"कपाटात आहे सर," असं तोंडावर आलं होतं. मी आधीच्या वर्षाची आकडेवारी दाखवली. त्यांनी चष्म्यावरून बघितलं, परिशिष्टातली त्या वहीच्या पानाची छायाप्रत बराच वेळ वाचली, आणि पुढचा प्रश्न संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर विचारला. श्रेणी बरी मिळाली. प्रबंध काळ्या पुठ्ठ्यात बांधून ग्रंथालयात गेला. तोही आता एका कपाटातच आहे.

मंगळवारचं सत्र अजून चालू आहे. कपाटातल्या २०१६ ते २०२१ च्या वह्यांपैकी पत्ते सापडले तेवढ्या वाटल्या. बाकीच्या काकांना रद्दीत घालू दिलेल्या नाहीत. सात दिवसांचा नियम मला दर महिन्याला एक-दोनदा मोडावा लागतो, विशेषतः बारावीचे पेपर आले की.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला फोन वाजला. आवाजी संदेश, मागं ट्रॅक्टरची धडधड. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. कायद्याच्या धड्यात वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली असं दिलंय, म्हणाली. "पण मॅडम, उचल फिटली न्हाई तर आमाला फुडच्या सालाला त्याच मुकादमाकडं जावं लागतं. दुसरीकडं जाता येत न्हाई. मग हे कशात धरायचं? गृहपाठात काय लिहू? कळवा."

तीन वेळा उत्तर बोलून पुसून टाकलंय. आज सहावा दिवस आहे.